पाट धरायला शिकवणाऱ्या नानांना

ती. नानांस, सा. न.

हे पत्र तुमच्या नातवाच्या फोनवर येईल आणि तो तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल. नाव घालू नका म्हणाला होतात, घातलेलं नाही. पण लिहितेय मात्र चारचौघांत. गेल्या वर्षभरात मला विचारणारे फार वाढलेत की बाई, सायकलला एवढे मोकळे रस्ते तुम्हाला सापडतात कुठे? मला सापडत नाहीत, मला सांगितलेत, हे एकदा सगळ्यांना कळलेलं बरं.

आधी त्या सकाळचं. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. नाशकाजवळचं मखमलाबाद सोडलं आणि मातोरीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान जवळ होतं, व्हिडिओ बघून शिकलेही होते. ठिगळ लावलं, हवा भरली, दहा मिनिटांत चाक पुन्हा जमिनीला. दुसरं ठिगळ लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ट्यूब काढून रस्त्याच्या कडेला बसले होते, रडायचीच बाकी होते, तेव्हा तुम्ही तुमच्या काळ्या ॲटलसवरून उतरलात आणि "काय झालं" वगैरे काही न विचारता म्हणालात, "टायर बघितलं का आतून?"

बघितलं होतं. काही दिसलं नव्हतं. तुम्ही खांद्यावरच्या पंच्याचं टोक टायरच्या आत घातलंत आणि हळूहळू गोल फिरवत नेलंत. एका जागी पंच्याचा धागा अडकला. तिथे नखाने चाचपून तुम्ही जे बाहेर काढलंत ते साबुदाण्याच्या दाण्याएवढंही नव्हतं. तारेचं टोक. "द्राक्षाच्या मांडवाची तार ही. छाटणी चालू हाये ना, बांधायच्या तारेचे तुकडे रस्त्यावर येत्यात. ठिगळं लावून काय उपयोग, चोर तर घरातच." माझ्या दोन ठिगळांची किंमत तिथल्या तिथे झाली.

मग तुम्ही माझ्या सायकलकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "गुडघा दुखतो का?" मी थक्क. दुखत होता, दीड वर्ष. सायकल मी त्याचसाठी घेतली होती आणि सायकलनेच तो जास्त दुखायला लागला होता. विकणाऱ्याने सीट खाली ठेवली होती, "मॅडम, पाय टेकले पाहिजेत" म्हणून. तुम्ही म्हणालात, टाच पायंडलवर ठेवा आणि पायंडल पार खाली न्या. गुडघा सरळ होत नसेल तर सीट खालीच आहे. सीट चांगली तीन बोटं वर गेली. पहिले आठ दिवस उंटावर बसल्यासारखं वाटलं. महिन्याभरात जिना उतरताना कठड्याला धरणं सुटलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

एवढंच असतं तरी आभार मानले असते. पण घरी चहाला नेलंत, आणि खरी शिकवणी तिथे झाली.

मी तक्रार करत होते. नाशकात सायकलचं वेड चांगलंच आहे. महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केल्यापासून तर जो तो लांब पल्ल्याच्या आणि घाटाच्याच गोष्टी करतो. मला कोणी कसारा सुचवायचं, कोणी त्र्यंबकच्या पुढचे चढ. माझ्या गुडघ्याला मानवेल, मागून ट्रक अंगावर येणार नाही, आणि बाईमाणसाला एकटीला जाता येईल असा रस्ता कोणी सांगत नव्हतं. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "पाणी कधी डोंगर चढतं का, बाई? पाट धरा."

नाना, मी वीस वर्षं भूगोल शिकवते. समान उंचीची ठिकाणं जोडणारी ती समोच्च रेषा, लिहून घ्या, असं किती तुकड्यांना सांगितलं असेल. आणि १९६५ साली पुऱ्या झालेल्या गंगापूर धरणाचा डावा कालवा, जो माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे, तो जमिनीवर काढलेली समोच्च रेषाच आहे, हे मला नोकरीभर त्याच्या कडेने चाव्या घेऊन फिरलेल्या पाटकऱ्याने सांगावं लागलं. अगदी काटेकोर बोलायचं तर रेषा किंचित उतरती, "मैलाला फूटभर म्हणा," नाहीतर पाणी पुढे जाणार कसं. टेकडी आली की पाट वळसा घालतो. चढ लागतात ते फक्त ओढ्यांपाशी, कारण पाट जलसेतूवरून सरळ पलीकडे जातो आणि रस्ता बिचारा खाली उतरून पुन्हा वर येतो. तेवढ्या ठिकाणी मी उतरून चालते. लाज वाटत नाही.

भरावावरच्या मुरमाच्या रस्त्याने जाऊ नका, हेही तुम्ही बजावलं होतंत. बारीक टायर, त्यात पाइपलाइनी आडव्या. गावागावांतून पाटाला ओलांडत जाणारे डांबरी रस्ते धरा. पाट अधूनमधून दिसत राहिला की वाट बरोबर, बराच वेळ दिसला नाही की चढ येणार समजा. मी एकदा शहाणपणा केला. अवकाळी पावसानंतर दोन दिवसांनी भरावावरून गेले. काळ्या मातीने ब्रेक आणि चाक एक करून टाकलं. काडीने माती खरवडत अर्धा तास काढला, तेव्हा तुमची आठवण फार आदराने आली असं नाही म्हणणार.

चहा होईपर्यंत जुन्या कालनिर्णयच्या पानामागे तुम्ही पेन्सिलीने जे लिहून दिलंत ते मी लॅमिनेट करून घेतलंय. लोक मला रस्ते विचारतात. तुम्ही रस्ते कमी आणि वेळा जास्त लिहिल्यात. तीच गंमत आहे. मखमलाबाद, मातोरी, मुंगसरे, गिरणारे हा रस्ता नकाशात कुणालाही सापडेल, पण तो मोकळा कधी असतो हे बाग ठरवते. ऑक्टोबर छाटणीत सात ते नऊ पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या पिकअप भरून येतात आणि घाईत असतात, तेव्हा उजाडायच्या आत निघा नाहीतर साडेनऊनंतर. फूट कोवळी असताना, धुई पडली की डाउनी रोगाच्या भीतीने फवारणीचे ब्लोअर सुरू होतात; आवाज आला की बांधाशी थांबा, वारा कुठून आहे ते बघा, मग पुढे जा. (हा सल्ला मी शाळेतल्या पाच जणींना दिलाय. त्या आधी फवाऱ्यातून सरळ निघून जायच्या.) जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत माल. काढणी उजाडता बागेत चालते, क्रेट भरून गाड्या दहानंतर हलतात, म्हणजे सकाळ आपली. टोमॅटोच्या दिवसांत दुपारी गिरणाऱ्याच्या बाजाराकडे फिरकायचंसुद्धा नाही. एप्रिलात खरड छाटणी झाली की रस्ते ओस, फक्त तारेच्या तुकड्यांवर डोळा ठेवायचा. आणि गंगापूर-सावरगाव रस्त्याला शनिवार-रविवार संध्याकाळी जायचं नाही, त्यापुढे तुम्ही फक्त "वाईन" एवढंच लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

वायनरीच्या द्राक्षांबद्दल तुमचं माझं पटणार नाही. तुम्ही म्हणता, बिया असलेलं, खायला आंबटढोण फळ, त्याला कसली बाग म्हणायची. मला त्या उभ्या तारांवरच्या ओळी आवडतात. मांडवाखाली नुसती सावली दिसते. त्या ओळींमधून पार पलीकडची टेकडी दिसते, आणि सायकल चालत असताना ओळी एकेक करून उघडत-मिटत जातात. तुम्ही एकदा मुद्दाम बघा. खाऊ नका.

डिसेंबरात नांदूरमध्यमेश्वरला जाऊन आले. चांदोरीपर्यंत सायकल भावाच्या गाडीत टाकून नेली, हायवेवर चालवायची माझी छाती नाही. तिथून सायखेड्याचा पूल ओलांडून चापडगावपर्यंत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा निफाडच्या थंडीसाठी पेपरात का येतो ते बोटांना कळलं. ब्रेक दाबला की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. उसाच्या डबल ट्रॉल्या सोडल्या तर रस्ता माझा. गोदावरी-कादवा संगमावरच्या त्या इंग्रजी अमदानीतल्या बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला आणि त्यातून पाणथळ जागा तयार झाली. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ठरली. मनोऱ्यावरून चमचे पक्षी दिसले, जांभळ्या पाणकोंबड्या दिसल्या. पाटबंधाऱ्याच्या माणसाला गाळाचं कौतुक सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तुम्ही ओझरचं सांगितलं होतंत तेही मी आता वर्गात सांगते. वाघाड धरणाच्या पाटाच्या टेलला, शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नव्हतं, तेव्हा समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. तुमचं वाक्य होतं, "टेलवाला राजी तर सगळा पाट राजी." फळ्यावर लिहिलं. मुलांनी विचारलं, टेलवाला म्हणजे कोण? म्हटलं, शेवटच्या बाकावरचा.

मावशींना सांगा, त्यांचा डबा माझ्याकडे आहे, त्यातली शेंगदाण्याची चटणी मातोरीच्या पुढच्या वळणापर्यंतसुद्धा टिकली नाही. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून अडलंय. लाडू झाले की येते. आणि उन्हाळी आवर्तन कधी सुटतंय ते नातवाला कळवायला सांगा. भरल्या पाटाच्या कडेने मला पुन्हा एकदा यायचंय, डांबरीवरूनच.

आपली,
तारेवाली बाई