ददामि आणि डिडोमी: रामबागेतल्या सरांना

आदरणीय सर,
सा. न.

पुण्याला गेल्यापासून तुमचं वाचणं बंद झालंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, असं ताईंनी फोनवर सांगितलं. म्हणून हे पत्र उघडंच लिहितोय. ताई सावकाश वाचून दाखवतील. आणि हा ख्रिश्चनांचा मुलगा रोज सरांच्या ओटल्यावर बसून काय करतो, असा प्रश्न ज्यांना तेव्हा पडला होता, त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

ग्रीक शिकत होतो. तेही अशा माणसाकडून, ज्याला ग्रीकचं एक अक्षर येत नव्हतं.

पाळक व्हायचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीतलं माझं पहिलं वर्ष होतं. उपदेश कसा तयार करायचा, मंडळीचा, म्हणजे चर्चचा इतिहास, आजाऱ्याच्या खाटेशी बसून काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे सगळं जमत होतं. नव्या कराराचं ग्रीक मात्र घशाखाली उतरेना. चाचणीत 50 पैकी 11. इंदुरात हिंदी माध्यमात शिकलेलो, मराठी घरातली, व्याकरण दोन्हीकडचं कच्चं. नाताळात घरी आलो तेव्हा आईच म्हणाली, "सरांकडे जा. संस्कृतचे आहेत. भाषा ती भाषा." माझे आजोबा नगरहून मिलमध्ये नोकरीला आले ते इथलेच झाले, पण तुमच्या घराची पायरी आमच्यापैकी कुणी चढलं नव्हतं. मी पुस्तक पिशवीत लपवून आणलं होतं. तुम्ही ते मांडीवर घेतलंत, भिंग लावलंत आणि म्हणालात, "आधी तू मला अक्षरं शिकव."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही दोनरेघी वही आणवलीत. अल्फा काढलात तो मासोळीसारखा. थीटा आणि फाय बघून म्हणालात, "हे तर गणितातले!" चौथ्या दिवशी तुम्ही अडखळत का होईना वाचायला लागलात आणि पाचव्या दिवशी शिक्षक बदलला. मी भूतकाळाचं रूप वाचलं, लुओ म्हणजे सोडतो, एलुओन म्हणजे सोडत होतो, तर तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "अरे, हा अडागम! भूतकाळात धातूच्या आधी अ लागतो तो. भवति, अभवत्. तुमचा ए तो आमचा अ."

मग आलं डिडोमी. आमच्या वर्गात शेवटी 'मी' येणाऱ्या त्या क्रियापदांचं नाव काढलं की मुलं मेसमध्ये चहाला पळायची. तुम्ही एकदा वाचलंत, पुन्हा मोठ्याने वाचलंत, चष्मा काढलात. "ददामि आहे हे. देतो." टिथेमी म्हणजे दधामि. पहिलं अक्षर दोनदा का येतं, तर तिथेही द्वित्व. त्या पहिल्या तुकड्याला पाणिनी 'अभ्यास' म्हणतो हे ऐकून मला हसू आलं, तर तुम्ही म्हणालात, "हस, पण कर."

एक राहिलंय. तुम्ही छाती फुगवून म्हणाला होतात की ग्रीकांनी बाकीच्या क्रियापदांतला 'मि' हरवला आणि संस्कृतने सगळा सांभाळला. मी ते वर्गात ऐटीत सांगितलं. आमचे ग्रीकचे मास्तर म्हणाले, उलट आहे. लुओमधला 'ओ'च जुना, भवामिसारख्या रूपांना 'मि' संस्कृतने नंतर जोडला. उन्हाळ्यात हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पाच मिनिटं गप्प. मग डबीतली सुपारी तोंडात टाकून म्हणालात, "म्हणजे उधळपट्टी आमची." तुमचं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर हे.

हिब्रूला मात्र तुमचा उपयोग झाला नाही. उजवीकडून डावीकडे लिपी बघून तुम्ही वही मिटलीत आणि सांगितलंत, "यासाठी एखादे मौलवी गाठ."

आमच्या बी.डी.ची, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटीची पदवी बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटकडून येते. विल्यम कॅरी या मिशनऱ्याने सोबत्यांसह 1818 मध्ये तिथे कॉलेज काढलं आणि 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. हाच कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा. 1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापून निघालं, 1810 मध्ये कोश. मंडळीच्या इतिहासाच्या तासाला कॅरीचे दाखले पुष्कळ ऐकले. पण त्याला मराठी सांगायला शेजारी वैजनाथ पंडित बसलेले असायचे, हे मी नंतर लायब्ररीत वाचलं. तेव्हा डोळ्यांसमोर तुमचा ओटला आला. तो पंडितही साहेबाच्या चुका ऐकताना असाच सुपारी चघळत असेल का, कुणास ठाऊक.

धर्माबद्दल तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत. आत देवघरात काकूंची आरती सुरू झाली की आपण थांबायचो, संपली की पुढचं रूप. एकदाच विषय निघाला, तोही व्याकरणातून. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात हनन्या शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला 'बाप्तिस्मा घे' म्हणतो, तिथलं ग्रीक क्रियापद ना कर्तरी ना कर्मणी, मधलंच. मला ते कळेना. तुम्ही वहीच्या समासात लिहिलंत: यजति, यजते. "भटजी दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, यजति. यजमान स्वतःसाठी करतो, यजते. परस्मैपद, आत्मनेपद. तुझा शौल ते स्वतःसाठी करून घेतोय. मराठीतलं 'घे' बरोबर बसतं." मग पेन्सिल खाली ठेवून विचारलंत, "तू पाळक होणार. म्हणजे जन्मभर यजति. यजतेचं काय करणार आहेस?"

मी काहीतरी पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. तुम्ही मान डोलावलीत, पण ती मान मला ओळखता येते.

आता मंडळीत काम करतो. शनिवारी रात्री उपदेश लिहून झाला की कधीकधी ती वही काढतो. बाप्तिस्मे, मयती, दवाखान्यातल्या फेऱ्या, सगळं परस्मैपदी चाललेलं असतं. दुसऱ्या रकान्यात अजून फारसं भरलेलं नाही, सर. तुम्हाला खोटं कशाला सांगू.

तुमचे आभार कसे मानायचे ते कळत नाही. फी विचारली तेव्हा तुम्ही रागावला होतात, आणि आईने शिवून पाठवलेली उशीची खोळ काकूंनी तेवढी ठेवून घेतली. तेव्हा एवढंच: ऑपरेशन झालं की येतो. वही आणतो. शेवही आणतो, पुण्यातली तुम्हाला पटत नसणार. आणि आपलं लिट्, ते संस्कृतमधलं भूतकाळाचं रूप, अर्धवट राहिलंय. जगाम, चकारपर्यंत आलो होतो. लुओचं तसंच द्वित्वाचं रूप, लेलुका, तुम्हाला अजून दाखवायचं आहे.

तुमचा विद्यार्थी
(आणि चार दिवसांपुरता मास्तर)