जुन्या डिझेल गाडीचे सीसी ठरवताना घाटाचा विचार व्हावा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या खरेदीवर लेख आला होता. ‘डिझेल गाडी घ्यायचीच असेल तर लहान इंजिनाची घ्यावी, ॲव्हरेज जास्त मिळते आणि विमा, देखभाल स्वस्त पडते,’ असा सल्ला त्यात होता. सोलापूर किंवा नागपूरच्या सपाट रस्त्यावर एकट्यादुकट्याने फिरणाऱ्याला तो लागू पडेलही; परंतु तो सरसकट सर्व वाचकांना दिला गेला, आणि कोकणातल्या वाचकाने तो जसाच्या तसा मानला तर त्याचे नुकसान होईल, असे मला स्वानुभवाने वाटते. म्हणून हे पत्र.

मी चिपळूणला राहतो. आईच्या उपचारांसाठी गेली काही वर्षे महिन्यातून दोनदा कराडला जावे लागते. पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो आणि वर हेळवाकला पोहोचेपर्यंत चढ आणि वळणे काही सुटत नाहीत. माझी पहिली जुनी गाडी लहान डिझेल इंजिनाची होती. घेताना ॲव्हरेज पाहिले, किंमत पाहिली, मीटरवरचे रनिंग पाहिले. घाट पाहिला नाही. गाडीत आम्ही पाच जण, मागे सामान, आईला उकाडा सोसत नाही म्हणून एसी चालू, आणि पुढे मालाने भरलेला ट्रक. वळणावर ट्रक जवळजवळ थांबतो, आपणही वेग कमी करतो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते आणि इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या तेराशे-चौदाशेवर येतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दोन-तीन क्षण काहीच घडत नाही. मागचा एसटीचालक हॉर्न वाजवत असतो. मग पहिला गिअर टाकायचा, अर्ध्या क्लचवर गाडी ओढायची, आणि क्लच जळाल्याचा तो उग्र वास आत भरला की आई विचारणार, ‘काय रे, काही पेटलं का?’

साडेतीन वर्षांत दोनदा क्लच प्लेट बदलावी लागली. दुसऱ्या वेळी प्रेशर प्लेट आणि मजुरी धरून सोळा हजारांचे बिल झाले. आमच्या मेकॅनिकने जुनी प्लेट माझ्या हातात दिली. तिची एक बाजू निळसर-काळी पडली होती आणि अस्तर रिव्हेटपर्यंत झिजले होते. ‘गाडी चांगली आहे, तुमचा रस्ता तिचा नाही,’ एवढेच तो म्हणाला. गाडीचा दोष नव्हता, हे मलाही मान्य आहे. निवड माझी चुकली होती.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आजच्या डिझेल इंजिनाचा बराचसा जोर टर्बोवर अवलंबून असतो. इंजिन पुरेशा फेऱ्यांनी फिरू लागले, धुरांड्याकडे जाणाऱ्या वायूचा झोत वाढला, की मग टर्बो हवा दाबून आत देतो. तोवर इंजिन आपल्या मूळ आकारमानाच्या बळावरच गाडी ओढत असते. लहान इंजिनाचे हे मूळ बळ कमी, म्हणून टर्बोची वाट पाहण्याचा तो काळ त्यात अधिक जाणवतो. सपाट रस्त्यावर तो लक्षातही येत नाही. भरल्या गाडीने चढावरच्या वळणात मात्र तोच सर्वांत मोठा प्रश्न ठरतो.

आता खर्चाचे पाहू, कारण लेखातला मुख्य आधार तोच होता. ह्युंदाई क्रेटा २०१५ पासून २०२० पर्यंत १३९६ सीसी आणि १५८२ सीसी (सीसी म्हणजे इंजिनाचे आकारमान) अशा दोन डिझेल इंजिनांत मिळत होती. पहिल्याची ताकद ९० अश्वशक्ती, दुसऱ्याची १२८. जुन्या बाजारात आज दोन्ही दिसतात, आणि नेमकी हीच निवड अनेकांसमोर येते. चाचणीतले ॲव्हरेज लहान इंजिनाचे लिटरला २१.३८ किलोमीटर आणि मोठ्याचे १९.६७ असे जाहीर झाले होते. वर्षाला बारा हजार किलोमीटर रनिंग धरले तर फरक पडतो सुमारे ४९ लिटरचा. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर वर्षाला ४,४०० रुपये. विम्याचा फरकही तितकाच मोठा आहे. तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सीसीवर ठरतो, आणि १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तो १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वरच्या मोटारीला ७,८९७ रुपये आहे. जीएसटी धरला तर हा फरक वर्षाला सुमारे ५,३०० रुपयांचा होतो. म्हणजे मोठ्या इंजिनापायी वर्षाला साधारण ९,७०० रुपये, महिन्याला आठशे रुपये जास्त जातात. हे पैसे थोडे आहेत असे मी म्हणत नाही. पण ज्याला नेहमी घाट चढायचा आहे, त्याचा क्लच, त्याची दमछाक, आणि मुख्य म्हणजे चढावर ओव्हरटेक करताना हवी असलेली खात्री या आठशे रुपयांच्या समोर मांडून पाहिली पाहिजे. शिवाय चाचणीतले ॲव्हरेज घाटात मिळत नाही. खालच्या गिअरमध्ये आणि चढ्या फेऱ्यांवर राबवलेले लहान इंजिन आपली बचत तिथेच गमावून बसते. माझ्या सध्याच्या सोळाशे सीसीच्या आसपासच्या गाडीला कराडच्या फेरीत आधीच्या गाडीपेक्षा लिटरमागे जेमतेम अर्धा किलोमीटर कमी मिळतो. तीच गाडी गोवा महामार्गाने रत्नागिरीला नेली की फरक जास्त दिसतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पंधराशे सीसीची ही रेषा रस्त्यांचा विचार करून आखलेली नाही. ती करांची रेषा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलेल्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांतही तीच मर्यादा कायम आहे. त्यामुळे १२४८, १३९६, १४६१, १४९७ असे आकडे आपल्या बाजारात इतके दिसतात. या रेषेच्या आत राहूनही चांगली निवड करता येते, आणि लेखात नेमकी तीच सुटली. मारुतीची दुसऱ्या पिढीची एर्टिगा आधी १२४८ सीसीच्या डिझेल इंजिनात येत होती. २०१९ मध्ये तिला १४९८ सीसीचे इंजिन मिळाले आणि प्रदूषणाचे बीएस ६ निकष लागू होण्याआधी ते बंदही झाले. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, २०० वरून २२५ न्यूटन मीटर झाला, चाचणीतले ॲव्हरेज २५.४७ वरून २४.२० वर आले, आणि विम्याचा गट तोच राहिला. सात माणसे बसवून आंबा घाट चढणाऱ्या कुटुंबाने अशी गाडी शोधावी. ती थोडेच महिने विकली गेल्याने लवकर सापडत नाही, पण शोधण्याचे श्रम वाया जाणार नाहीत.

मात्र नुसता सीसीचा आकडा पाहूनही भागत नाही, आणि या मुद्द्यावर मोठ्या इंजिनाचे समर्थक हमखास चुकतात. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेले फियाटचे १२४८ सीसीचे इंजिन इथल्या बाजारात ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन ताकदींत आले. फरक मुख्यतः टर्बोच्या प्रकारात होता. रेनॉ डस्टरच्या ८५ आणि ११० अश्वशक्तीच्या दोन्ही गाड्यांत इंजिन एकच, १४६१ सीसीचे. त्यातली ८५ वाली आपला पूर्ण टॉर्क १९०० फेऱ्यांवर देते, तर ११० वाली जास्त टॉर्क देते पण सुमारे २२५० फेऱ्यांवर. म्हणजे महामार्गावर दुसरी सरस, आणि वाहनांच्या रांगेत हळूहळू सरकताना पहिली सोपी. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये २००० सीसी आणि त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तेव्हा महिंद्राने एक्सयूव्ही ५०० आणि स्कॉर्पिओमध्ये २१७९ सीसीच्या जागी १९९० सीसीचे इंजिन बसवले, पण जाहीर केलेली ताकद तीच ठेवली. ती बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये उठली. डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घालण्याच्या तिथल्या आदेशांमुळे दिल्लीच्या अनेक गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या आहेत. अशी गाडी पाहताना आरसीवर १९९० आकडा दिसला तर त्यात फसवणूक समजू नये. मात्र सुटे भाग मागवताना हा आकडा मेकॅनिकला आवर्जून सांगावा.

मोठे इंजिन म्हणजे टिकाऊ इंजिन, असेही नाही. जुन्या इनोव्हाचे २४९४ सीसीचे इंजिन दणकट म्हणून ख्यातनाम आहे, पण त्याला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा आहे. डस्टरलाही आहे. हा बेल्ट ठरलेल्या अंतरावर बदललेला नसेल आणि चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावेच लागते. उलट फियाटच्या त्या लहान इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे. म्हणून बेल्ट बदलल्याची पावती दाखवू न शकणाऱ्या मोठ्या गाडीपेक्षा नीट राखलेली लहान गाडी मी केव्हाही पसंत करीन. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी पाहायला जावे आणि ती आपल्यासमोर सुरू करायला लावावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून धूर भसाभसा वर येतो का ते बघावे. आणि शेवटी घरातली चार माणसे बसवून, एसी लावून, जवळच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये संथ न्यावी आणि तिथून उचलून पाहावी. माझी दुसरी गाडी घेताना विक्रेत्याने ‘मोकळ्या रस्त्यावर मारून बघा की’ असे दोनदा सांगितले. मी ऐकले नाही, आणि त्याला शेजारी बसवून परशुराम घाटात गाडी नेली.

शहरातल्या शहरात रोज पाच-सहा किलोमीटर फिरणाऱ्याने तर लहान-मोठे इंजिन हा प्रश्नच बाजूला ठेवावा आणि पेट्रोल गाडी घ्यावी. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारे फिल्टर, म्हणजे डीपीएफ असते. ते साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून एका वेगाने बराच वेळ पळावी लागते. गल्लीबोळांत ते होत नाही. फिल्टर तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि खर्च सुरू होतो. लेखात याचा उल्लेख एका ओळीतही नव्हता, याचे मला वाईट वाटले, कारण पुण्या-मुंबईचे बहुसंख्य वाचक याच गटातले आहेत.

आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर जुन्या गाड्यांच्या ओळी येतात त्या ‘डिझेल, सिंगल ओनर, एमएच १२ पासिंग, उत्तम कंडिशन’ अशा. सीसी किती, अश्वशक्ती किती, बीएस ४ की बीएस ६, हे त्यांत क्वचितच असते. हे तीन आकडे दिल्याशिवाय जुन्या मोटारीची जाहिरात घ्यायची नाही, असा नियम आपण आपल्या पानापुरता केला, तर जाहिरातदाराचा एखादा शब्द वाढेल. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गाडी पाहायला पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माणसाची एक फेरी आणि एक दिवसाची मजुरी वाचेल. तसेच पुढच्या वेळी असा सल्ला छापताना घाटाखालच्या, घाटावरच्या आणि शहरातल्या वाचकांचा स्वतंत्र विचार व्हावा. पुरवणीच्या लेखकांना कुंभार्लीचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा असेल तर माझी गाडी आणि माझा वेळ दोन्ही त्यांच्यासाठी मोकळे आहेत. पावसाळ्यात आले तर अधिक चांगले.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, चिपळूण