‘गुण आला नाही’ असे फाइलवर लिहिण्यापूर्वी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मानसिक आजारांविषयी वृत्तपत्रांतून आता पूर्वीपेक्षा बरेच मोकळेपणाने लिहिले जाते, याचे समाधान वाटते. मात्र यातले बहुतेक लिखाण ‘लाज न बाळगता वेळीच उपचार घ्या’ या सल्ल्यापाशी थांबते. बायपोलर विकार, म्हणजे कधी अतिउत्साहाच्या उन्मादाचे तर कधी खोल नैराश्याचे झटके आणणारा आजार, असलेल्या माणसाची आणि त्याच्या घरच्यांची खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण त्याला मानवेल असे औषध किंवा औषधांची जोडी सापडायला कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे जातात. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. त्याच्या उपचारांची कागदपत्रे मीच सांभाळते. ती पुन्हा पुन्हा चाळल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, या शोधातला बराचसा काळ केवळ नोंदींअभावी वाया जातो. कोणते औषध, किती मात्रेत, किती आठवडे दिले आणि ते नेमके कशासाठी थांबवले, हे कोणीच नीट लिहून ठेवत नाही.

इतकी औषधे बदलावी का लागतात, असा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि त्यातून डॉक्टरांविषयी अविश्वास निर्माण होतो. या आजारात उन्माद आवरणे, नैराश्यातून बाहेर काढणे आणि पुढचा झटका टाळणे अशी तीन वेगवेगळी कामे औषधांकडून हवी असतात, आणि प्रत्येक औषध तिन्ही कामे सारख्याच ताकदीने करीत नाही. लॅमोट्रिजिन मुख्यतः नैराश्य परतू नये म्हणून उपयोगी पडते, भरात आलेला उन्माद त्याने आटोक्यात येत नाही. व्हॅल्प्रोएटचा जोर उन्मादावर अधिक असतो. कोणाला काय लागू पडेल हे आधीच सांगणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. त्यातच अनेकांचा आजार प्रथम नैराश्याच्या रूपाने प्रकट होतो, निदानही साध्या नैराश्याचे होते आणि केवळ नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या जातात, ज्यांमुळे काही रुग्ण उलट उन्मादाकडे ढकलले जातात. मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मनाचे हे चढउतार आवरणारे औषध, चालू असताना त्याला नैराश्यविरोधी गोळीची जोड दिल्याने जास्तीचा फायदा होतो का, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात तपासले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत तसा फायदा आढळला नाही. हे सारे लक्षात घेतले तर औषध बदलणे हे डॉक्टरांच्या अपयशाचे लक्षण मानण्याचे कारण उरत नाही. माझी तक्रार बदलांविषयी नाही. आधीच्या प्रयत्नातून जे कळले ते पुढच्या प्रयत्नापर्यंत पोहोचत नाही, याविषयी आहे.

माझ्या भावाच्या फाइलवर काही वर्षांपूर्वी ‘लॅमोट्रिजिन – गुण नाही’ असे तीन शब्द लिहिले गेले. हे औषध सावकाशच वाढवावे लागते. सोबत दुसरे कोणते औषध नसेल तर साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग १०० आणि त्यानंतर नेहमीची २०० मिलिग्रॅमची मात्रा अशी चढण असते. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हा वेग निम्म्यावर आणावा लागतो. घाईने मात्रा वाढवली तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखी, प्रसंगी जिवावर बेतणारी त्वचेची प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो, म्हणून हा संथपणा अटळ आहे. भावाचे औषध थांबवले तेव्हा तो ५० मिलिग्रॅमवर होता, म्हणजे पुरेशा मात्रेपर्यंत पोहोचलाच नव्हता. फाइलवर मात्रा लिहिलेली नव्हती, आठवडेही नव्हते. पुढे डॉक्टर बदलले, शहर बदलले, फाइल बदलली, पण ते तीन शब्द प्रत्येक नव्या कागदावर जसेच्या तसे उतरत गेले आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांनी साहजिकच ते औषध बाजूला ठेवले. आज तो ज्या दोन औषधांवर स्थिर आहे, त्यांपैकी एक लॅमोट्रिजिन आहे.

दुसरे औषध लिथियम. ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावरील त्याचा परिणाम १९४९ साली प्रसिद्ध केला आणि इतक्या वर्षांनंतरही या आजारात त्याचे स्थान टिकून आहे. आत्महत्येचा धोका कमी करणारे औषध म्हणूनही त्याचे महत्त्व मोठे आहे. पण उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातले अंतर फार कमी असल्याने रक्तातील पातळी तपासत राहावे लागते. दीर्घकालीन उपचारात ती बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रतिलिटर ठेवली जाते, तीव्र उन्मादात १ पर्यंत नेली जाते आणि १.५ च्या वर विषबाधेचा धोका स्पष्टपणे वाढतो. हे आकडे शेवटची गोळी घेतल्यानंतर १२ तासांनी काढलेल्या रक्ताचे असतात. ही अट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. भावाने नेहमीप्रमाणे सकाळची गोळी घेतली आणि दोन-तीन तासांनी रक्त दिले. अहवालात आकडा १.३ आला, मात्रा तातडीने जवळपास निम्मी करण्यात आली. काही आठवड्यांतच तो रात्री तीन तास झोपूनही ताजातवाना उठू लागला, एकाच बैठकीत वहीची पानेच्या पाने व्यवसायाच्या योजनांनी भरू लागला, आणि त्याला मध्येच थांबवले की चिडू लागला. उन्माद परतला होता. तो अहवाल माझ्याकडे अजून आहे. त्यावर नमुना घेतल्याची वेळ मिनिटांसह छापलेली आहे. शेवटच्या गोळीची वेळ लिहिण्यासाठी जागाच नाही.

लिथियमच्या बाबतीत इतर विषयांच्या डॉक्टरांनाही सगळी माहिती मिळणे तितकेच आवश्यक आहे, कारण आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके आणि रक्तदाबावरची काही औषधे त्याची रक्तातील पातळी वाढवतात. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले तरी तेच होते. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांच्या नियमित तपासण्या तर ठरलेल्याच.

नोंदीत आणखी एक भेद स्पष्ट दिसायला हवा. ‘गुण आला नाही’ आणि ‘सोसवले नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. लिथियमने हात थरथरत असेल तर मात्रा थोडी कमी करून किंवा घेण्याची वेळ बदलून मार्ग निघू शकतो. ओलान्झापिनने वजन झपाट्याने वाढत असेल तर दुसरे औषध शोधावे लागेल, पण त्याने उन्माद आटोक्यात आला होता ही माहिती पुढच्या संकटात अमूल्य ठरते. रुग्ण हे त्रास सांगतो तेव्हा ‘एवढे तर होणारच’ म्हणून त्याला गप्प करणे मला क्रूरपणाचे वाटते. अक्षर बिघडले म्हणून सही करायला संकोचणारा, किंवा मनातले सगळे भाव बोथट झाले म्हणून कासावीस झालेला माणूस कधीतरी कोणाला न सांगता गोळ्या बंद करतो, आणि लिथियम अचानक बंद केल्यास उन्माद उसळून येण्याचा धोका मोठा असतो. तरुण स्त्रियांच्या बाबतीत तर सुरुवातीलाच स्पष्ट बोलणे अपरिहार्य आहे: गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे १० पैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि १० पैकी तीन ते चार मुलांच्या वाढीत व आकलनात अडचणी येऊ शकतात. ही माहिती लग्न ठरल्यावर किंवा दिवस गेल्यावर कळणे हा त्या स्त्रीवर अन्याय आहे.

मानसोपचारतज्ज्ञांवर रुग्णांचा भार किती असतो, याची मला जाणीव आहे. तरीही त्यांना विनंती आहे की, नवे औषध सुरू करताना ते कशासाठी दिले आणि किती आठवडे वाट पाहायची हे चिठ्ठीवर एका ओळीत लिहावे, आणि बंद करताना त्या वेळची मात्रा, कालावधी व कारण लिहावे. घरच्यांनीही स्वतःची एक वही ठेवावी. तिच्यात औषधांसोबत रोजच्या झोपेचे तास लिहिले तरी पुष्कळ उपयोग होतो, कारण आमच्या अनुभवात उन्मादाची पहिली चाहूल झोपेतच लागते. वही रुग्णाच्या संमतीने आणि शक्यतो त्याच्याच हातून लिहिली जावी, म्हणजे ती त्याला पहारा वाटणार नाही. प्रयोगशाळांनी लिथियमच्या तपासणीच्या अर्जावर शेवटच्या गोळीच्या वेळेचा रकाना छापावा, यासाठी तर फारसा खर्चही येणार नाही. आपल्या वृत्तपत्राने या विषयातील तज्ज्ञांकडून अशा नोंदवहीचा एक नमुना तयार करून घेऊन आरोग्य पुरवणीत प्रसिद्ध करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक वाचक