आप्पा, घसा एकदा दाखवून येऊया

तीर्थरूप आई-आप्पांस शि. सा. नमस्कार,

काल फोन आप्पांनीच उचलला ना? मला आधी वाटलं राँग नंबर लागला. दसऱ्यापासून बसलेला आवाज अजून सुटत नाही आणि यांचं आपलं एकच, हळदीची धूळ गेली असेल, ज्येष्ठमध चघळतोय, होईल बरं. आप्पा, मार्केट यार्डात सौद्याला ओरडून घसा बसतो हे मान्य, पण तो आठ-पंधरा दिवसांत सुटायला पाहिजे की. तीन-चार आठवडे घोगराच राहिला तर स्वरयंत्र बघावंच लागतं, त्यात तुमची तंबाखू.

कारणं ढीगभर असतात. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात, सारखं ओरडलं की कुदळीनं हाताला पडतात तसे घट्टे पडतात त्यांच्यावर. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की ॲसिड वर येतं, त्यानंही आवाज जातो, थायरॉईडनं जातो, कधी स्वरतंतूची नसच काम करत नाही. डावीकडची नस तर छातीत उतरून मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परत वर येते, म्हणून घशाच्या तक्रारीला छातीचा फोटो काढायला लावला तर डॉक्टर पैसे काढतोय म्हणून भांडू नका तिथं.

आणि कॅन्सरचं म्हणाल तर स्पष्टच लिहिते, कारण तुम्ही त्यालाच भिऊन टाळताय हे मला कळतंय. स्वरतंतूवरचा असला तर आवाज लवकर बदलतो, म्हणून लवकर सापडतो, आणि लवकर सापडला तर रेडिएशनच्या शेकानं किंवा लेसरनं बहुतेक वेळा बराच होतो. घरात बसून काढा पिण्यात मात्र वेळ जातो.

तपासणीत काही नाही हो. नाकात बधिर करायचा फवारा मारतात, बारीक कॅमेऱ्याची नळी आत सरकवतात, ‘ईऽऽ’ म्हणा म्हणतात, पाच-दहा मिनिटांत बाहेर. ॲडमिट वगैरे काही नाही.

तोवर कुजबुजत बोलू नका, त्यानं आराम मिळत नाही, उलटा ताण पडतो. आई, तुझाही आवाज फाटतोय, दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरतेस का? भर, पण पंप बंद करू नकोस.

मिरजेत कान-नाक-घशाचे डॉक्टर पायलीला पन्नास आहेत. सोमवारचा नंबर लावलाय, मी शनिवारीच येतेय. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी काढून ठेवा आणि एकादशीच्या भजनाला यंदा नुसता टाळ धरा.

तुमची,
लेक