विषय: बी विंगच्या रॅम्पवरची स्कूटर (परत एकदा)

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

आधीचे अर्ज सेक्रेटरींच्या कपाटात कुठेतरी असतीलच, म्हणून आता थेट तुम्हाला लिहितेय. 302 वाल्यांची स्कूटर अजून रॅम्पवरच असते. सांगायला गेलं की "दोनच मिनिटं ताई", आणि ती दोन मिनिटं रात्रीच्या जेवणापर्यंत चालतात.

भांडणं माझ्या स्वभावातच नाही, मजल्यावर कुणालाही विचारा. पण मागच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर म्हणाले की गणपतीच्या आरतीला या चांगल्या उभ्या होत्या मग व्हीलचेअरचं नाटक कशाला, आणि कमिटीतलं कुणी चकार शब्द काढला नाही, खजिनदार तर चक्क हसले. अहो, आरतीला उभं राहता आलं म्हणजे भाजी मार्केटपर्यंत चालता येतं का? मला लहानपणी पोलिओ झाला, आख्खी नोकरी पायाला आधाराचं कॅलिपर घालून केली, आता उतारवयात उरलेली ताकदही चाललीय, पोलिओ झालेल्या बऱ्याच जणांना हे होतं. घरात कुबडी पुरते, बाहेर खुर्ची लागते, इतकं साधं आहे. 302 वाले रोज लिफ्टने जातात, त्यांना पाय नाहीत असं आम्ही कधी म्हटलं का?

आणि रॅम्प म्हणजे तरी काय, घसरगुंडी! 1 फूट चढाला 12 फूट लांबी लागते, आपल्या तीन पायऱ्या दीड फुटाच्या, म्हणजे 18 फूट हवा, केलाय 6 फुटांचा. तरी मी गप्प बसले. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचा जरा. जाण्यायेण्याच्या वाटेत वस्तू ठेवायच्या नाहीत असं तर तुमच्याच नोटीस बोर्डावर लावलंय (आमचं शू-रॅक भिंतीला लागून आहे, तो विषय वेगळा). 101 च्या काकू, 204 चे आजोबा, सगळ्यांचं हेच म्हणणं आहे, फक्त सही करायला संकोचतात.

तर रविवारपर्यंत स्कूटर हलवा, पुढे दिसली तर दंड त्यांच्या मेंटेनन्सच्या बिलात लावा. लांब रॅम्पचा खर्च जनरल बॉडीत आणा, गेटवर लायटिंगचं नाव लावायला फंड निघाला होता तसा यालाही निघेल. वॉचमनलाही सांगा, न विचारता मागून खुर्ची ढकलायची नाही, दचकायला होतं.

पत्राची पोच सही-शिक्क्यासह द्यावी, मागच्या वेळी मिळालेली नाही.

आपली,
बी-104