लाईटवाल्या दादांना, प्लीजसकट थँक्यू

दादा, नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही ते, पण भाड्याचे लाईट उतरवून घरी जायच्या ऐवजी रात्री दीडपर्यंत माझ्याशेजारी बसलेला माणूस म्हटलं की आमच्या ग्रुपात सगळ्यांना कळतंय कोण ते.

मी आपला जुन्या डिमरवर हात बसलेला माणूस, दांडी वर केली की उजेड, खाली केली की अंधार. आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा रस्त्यावर उभा राहून रडलोय, पहिला स्पॉट मी तिथंच मारलेला. त्यानंतर हॉल बदलला आणि समोर आला तुमचा ग्रँडएमए, म्हणजे लाईट चालवायचा कॉम्प्युटरवाला कन्सोल, लॅपटॉप आणि त्याला जोडलेला कमांड विंग हा बोर्ड, बटणंच बटणं, मला घामच फुटला.

तुम्ही बटणांची नावं पाठ करायला लावली नाहीत, तोंडानं बोलायला लावलं. कुणाला, किती, आणि शेवटी प्लीज. "एक थ्रू आठ ॲट साठ प्लीज", म्हणजे एक ते आठ नंबरचे लाईट साठ टक्क्यांवर, असं म्हणायचं आणि तसंच दाबायचं, पाच नंबर पडद्यावर सांडायला लागला तर "एक थ्रू आठ मायनस पाच". एंटरच्या जागी प्लीज आणि चूक झाली तर ऊप्स, जर्मन लोकांनी मशीनला एवढे संस्कार दिलेत बघून मी हसत सुटलो, आमच्या तालमीत कुणी कुणाला प्लीज म्हणल्याचं मला तरी आठवत नाही.

पण खरं थँक्यू त्या ब्लॅकआऊटसाठी. रंगीत तालमीला ब्लॅकआऊटचा क्यू, म्हणजे आधीच साठवून ठेवलेला लाईटचा बदल, आला, गो दाबलं, एक हिरवा सोडून सगळं विझलं आणि नुकताच मेलेला आमचा नायक उठून हिरव्या उजेडात विंगेकडं निघालेला सगळ्यांनी बघितला. मी क्यू तीनदा परत स्टोअर केला तरी तेच. दिग्दर्शक ओरडायला लागलेला. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "सात नंबर तू मघाशी चेक करायला लावलास आणि हातातच धरून बसलायस, क्यू कुठनं विझवणार?" म्हणजे हातानं दिलेली व्हॅल्यू प्रोग्रॅमरमध्ये, म्हणजे कन्सोलच्या कच्च्या वहीत, तशीच पडून, आणि प्रोग्रॅमर क्यूच्या वरचढ. मग क्लिअरचं बटण तीनदा: पहिल्यांदा सिलेक्शन सुटतं, दुसऱ्यांदा व्हॅल्यू नुसत्या इनॲक्टिव्ह होतात, म्हणजे हिरवा अजून तिथंच, तिसऱ्यांदा प्रोग्रॅमर रिकामा. तेव्हा कुठं काळोख झाला. एवढं तुम्ही स्वतः दाबून दोन सेकंदात मोकळे झाला असता, पण माझं बोट धरलं नाहीत, नुसतं "आणि एकदा" म्हणत राहिलात.

आता घरी लॅपटॉपवर ऑनपीसी, म्हणजे त्याच कन्सोलचं सॉफ्टवेअर, टाकलंय, फुकटच मिळतंय, रोज रात्री बडबडत बसतो, बायको म्हणती कुणाला एवढं प्लीज प्लीज करायलाय.

तुमची निळी टॉर्च माझ्याकडंच राहिलीय. गणपतीचा सीझन सुरू व्हायच्या आत रंकाळ्यावर या, भेळ माझ्याकडनं.