इन्सुलिन ही किल्ली नव्हे, निरोप आहे

महोदय,

मधुमेहावरच्या लेखांत इन्सुलिनला 'किल्ली' आणि पेशीला 'कुलूपबंद घर' म्हणण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की कुणी तिच्याकडे बारकाईने पाहतच नाही. ही उपमा सोपी असली तरी अपुरी आहे. चालण्याने साखर का उतरते आणि गोळी घेऊन उपाशी राहणे धोक्याचे का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यात सापडत नाहीत.

इन्सुलिन हा ५१ अमिनो आम्लांचा रेणू. स्नायूच्या पेशीबाहेरच्या ग्राहकाला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, तो चिकटला की ग्राहकाचे आतले टोक जागे होते आणि शेजारच्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवते. निरोप असा हातोहात पुढे जातो. शेवटी पेशीच्या पोटात पिशव्यांत ठेवलेली 'ग्लूट-४' ही वाहक प्रथिने पेशीच्या पडद्यावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, येऊन बसतात आणि त्यांच्यातून साखर आत येते. दार भिंतीत आधीपासून नसतेच, निरोप आल्यावर ते बसवले जाते. टाइप-२ मधुमेहात इन्सुलिन असते, ग्राहकही असतो. पण स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशींत चरबी साठत गेली की निरोप आतल्या साखळीत क्षीण होतो. आकुंचन पावणारा स्नायू मात्र याच ग्लूट-४ला इन्सुलिनवाचून, वेगळ्या वाटेने पडद्यावर आणतो. जेवणानंतरच्या चालण्याचा गुण तो हाच.

आता निरोप धाडणाऱ्या पेशीकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत साखर शिरून जळली की एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढते. त्याने पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, पडद्यावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रित्या होतात. म्हणजे साखर मोजूनच इन्सुलिन सुटते. ग्लिमेपिराइड आणि ग्लायक्लाझाइड ही मधुमेहाची औषधे त्या पोटॅशियमच्या वाहिन्या थेट बंद करतात. रक्तात साखर कमी असली तरी इन्सुलिन सुटत राहते. सकाळी ही गोळी घेऊन संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही न खाणाऱ्याची साखर दुपारीच कोसळू शकते. मेंदूच्या पेशींना साखर घेण्यासाठी इन्सुलिन लागत नाही, पण साखरेचा पुरवठा सतत लागतो. त्यामुळे गोंधळ, बरळणे, बेशुद्धी हे सारे ओढवते. उपासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारायला हवे. (मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधाने, ते एकटेच घेतले तर, असे क्वचितच होते, ते मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते.)

साखर घसरली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते. हात थरथरतात, छातीत धडधडते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी औषधे चालू असतील तर ॲड्रेनॅलिनचे ग्राहक अडवलेले असतात, त्यामुळे या खुणा झाकल्या जातात. घाम मात्र फुटतो, कारण घामाच्या ग्रंथींना निरोप ॲसिटिलकोलिन या वेगळ्या रसायनाकडून मिळतो. अशा रोग्याला अचानक दरदरून घाम आला तर घरच्यांनी उकाड्याला दोष देत बसू नये, आधी साखर तपासावी.

ती दर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. इथे एक चूक वारंवार होते. अनेकांच्या एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधे असतात. व्होग्लिबोज आतड्यात साध्या साखरेचे विघटन लांबवते. अशा वेळी साखर किंवा गूळ दिला तर त्यातले ग्लुकोज रक्तात पोहोचायला उशीर होतो आणि तेवढा वेळ हाताशी नसतो. घरात ग्लुकोजचाच डबा हवा. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नये, थेट रुग्णालय गाठावे.

मधुमेहावरच्या पुढच्या लेखासोबत आपण या औषधांची नावे आणि ग्लुकोजचे प्रमाण एका चौकटीत छापावे, ही विनंती. ती चौकट कापून फ्रिजच्या दारावर लावता येईल एवढ्या ठळक अक्षरात असावी.

— शरीरक्रियाशास्त्राच्या एक अध्यापिका, सांगली